ताल कुणाचा, दाम कुणाला?

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गातील एका मित्राने रचलेल्या ठेक्यावर दोघांनी अर्धे मराठी, अर्धे कन्नड असे रॅप गायले आणि सभागृह दणाणून गेले, हे पुष्कळांना आठवत असेल. त्यानंतर काय घडले, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे. ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय करणाऱ्या एका गृहस्थांनी तो ठेका मागून घेतला आणि मित्राच्या हातावर दोन हजार रुपये ठेवले. कागद नाही, पावती नाही. तीन महिन्यांनी तोच ठेका एका जाहिरातीत वाजू लागला. संगीतकार म्हणून नाव होते भलत्याचेच. मित्र विचारायला गेला, तेव्हा उत्तर मिळाले, “पैसे घेतलेस ना? मग आता काय?” मित्र परत आला आणि ‘होगली बिडप्पा’ म्हणून गप्प बसला. मला मात्र तो विषय सोडून देता आला नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

हिप-हॉप म्हणजे निव्वळ आरडाओरड, असे आमच्या काही प्राध्यापकांचे मत आहे. ते मत बदलावे, असा माझा आग्रह नाही. परंतु आज वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी मुलगा संगणकावर ठेके जुळवीत रात्र जागवतो आहे. तो उद्या या धंद्यात उतरणार असेल, तर त्या धंद्याची रीत त्याला कोणी सांगायची? ठेका कसा बांधावा हे शिकविणारे गल्लोगल्ली भेटतात. बांधलेला ठेका कसा राखावा हे सांगणारा भेटत नाही.

प्रथम एक घोटाळा दूर करू. चित्रपटातील निर्माता म्हणजे पैसे घालणारा. हिप-हॉपमधील प्रोड्यूसर म्हणजे गाण्याचा ठेका, सुरावट आणि एकंदर नाद घडविणारा कारागीर. त्या रचनेला ‘बीट’ म्हणतात. गंमत अशी की, आपल्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा ‘निर्माता’ म्हणजे ते तयार करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. म्हणजे व्यवहारात तो मान बहुधा पैसेवाल्याकडे जातो. तेव्हा बीट रचणाऱ्या मुलाने ‘प्रोड्यूसर’ या बिरुदावर हुरळून न जाता, कागदावर आपले नाव ‘संगीतकार’ म्हणून लागते की नाही, हे आधी पाहावे.

या संगीताचा जन्मच मुळी पैशाच्या अडचणीतून झाला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका तरुणीने शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून तिकीट लावून नाचाचा कार्यक्रम ठेवला. तबकड्या वाजविणारा तिचा भाऊ पुढे कूल हर्क या नावाने प्रसिद्ध झाला. गाण्यातील ज्या तुकड्यात नुसती तालवाद्ये वाजतात, तो तुकडा दोन तबकड्यांवर आळीपाळीने फिरवून तो लांबवीत असे. त्या लांबविलेल्या तुकड्यावर पुढे सारी इमारत उभी राहिली. अर्थात पायाचे दगड दुसऱ्याच्या खाणीतले होते. खाणवाल्याचे काय, हा प्रश्न त्या रात्री कुणी विचारला नाही; पण तो फार दिवस थांबलाही नाही.

१९७९ मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ हे गाणे गाजले. त्याचा ठेका ‘शिक’ या वाद्यवृंदाच्या ‘गुड टाइम्स’वरून वाजविलेला होता. नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी कोर्टाची भाषा करताच त्यांची नावे रचनाकार म्हणून लागली. त्याच गाण्यातील काही ओळी ग्रँडमास्टर कॅझ या ब्राँक्सच्या तरुणाच्या वहीतल्या होत्या. त्याला श्रेय मिळाले नाही. एकाच गाण्यात ज्यांच्याजवळ वकील होता त्यांना हिस्सा मिळाला, आणि ज्याच्याजवळ केवळ वही होती तो कोरडा राहिला. या धंद्याचा पहिला धडा मला इथेच दिसतो.

पुढे जुन्या तबकडीचा तुकडा थेट उचलून वापरण्याची, म्हणजे ‘सॅम्पल’ करण्याची यंत्रे स्वस्त झाली. १९९१ मध्ये बिझ मार्की या गायकाविरुद्धच्या खटल्यात न्यायाधीशांनी बायबलमधील चोरीविषयीच्या आज्ञेनेच निकालाची सुरुवात केली, आणि तेव्हापासून परवानगीवाचून सॅम्पल करणे अंगाशी येऊ लागले. २००५ मध्ये एका अपील न्यायालयाने गिटारच्या दोन सेकंदांच्या तुकड्यालाही परवानगी हवी, असे ठरविले. २०१६ मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयाने वेगळे मत दिले. म्हणजे ‘इतके सेकंद चालतात’ अशी जी समजूत मुलांमध्ये पसरली आहे, तिच्यावर विसंबणे म्हणजे पावसाळ्यात ओढ्याच्या पात्रात बिऱ्हाड करण्यासारखे आहे. ‘डी ला सोल’ या मंडळींचा १९८९ चा गाजलेला पहिला संग्रह जुन्या सॅम्पलांच्या परवानग्यांच्या गुंत्यामुळे २०२३ पर्यंत ऑनलाइन ऐकण्याच्या सेवांवर येऊ शकला नव्हता.

परंतु कायद्याचा धाक सांगून थांबलो, तर ती अर्धीच गोष्ट होईल. ‘अमेन, ब्रदर’ या १९६९ च्या गाण्यात ग्रेगरी कोलमन या ड्रमवादकाचा सहा-सात सेकंदांचा तुकडा आहे. तो जगभरच्या असंख्य गाण्यांत वापरला गेला. कोलमन २००६ मध्ये बेघर अवस्थेत वारला. जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’मधील क्लाइड स्टबलफिल्डच्या तालाची कहाणीही तशीच. तो ताल शेकडोंनी उचलला, पण रचनाकार म्हणून कागदावर त्याचे नाव नसल्याने त्या वापराचे मानधन त्याला कधी मिळाले नाही. आपला ठेका पळविला म्हणून जो मुलगा आज हळहळतो आहे, त्याच्याच संगणकात अशा किती वादकांचे तुकडे बिननावाने पडले असतील? आपल्यावर अन्याय होतो तेव्हाच न्याय आठवावा, हे बरे नव्हे.

हा सारा परदेशचा मामला आहे, असेही कुणी म्हणू नये. २००२ मध्ये ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या अमेरिकन गाण्यात ‘ज्योती’ (१९८१) या चित्रपटातील लता मंगेशकरांच्या गाण्याचा मोठा भाग वापरला गेला. संगीतकार बप्पी लाहिरी कोर्टात गेले. २००३ मध्ये, त्यांचे नाव छापल्याशिवाय तबकडी विकू नये, असा हुकूमही झाला. पुढे मात्र रचनेचे हक्क फार पूर्वीच चित्रपट-निर्मात्याकडे गेलेले असल्याने त्यांचा स्वतःचा दावा टिकला नाही. याहून बोलके उदाहरण ‘आराधना’ (१९६९) मधील ‘बागों में बहार है’चे. त्यातील सुमारे एका सेकंदाचा तुकडा प्रोड्यूसर टिंबलँडने एका रॅपगीतात वापरला, म्हणून सारेगामा कंपनीने अमेरिकेत दावा लावला. न्यायालयाने १९६७ चा मूळ करारच वाचायला घेतला आणि २०११ मध्ये निकाल दिला की, त्या करारानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क कंपनीकडे उरलेला नाही. तुकडा कुणी उचलला हा प्रश्न बाजूलाच राहिला. निकाल लागला तो चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या कागदावर. कागद कंपनीलाही सोडत नाही, मग आपल्याला कसा सोडील?

यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. “नवशिक्याला कागद मागण्याची ऐपत कुठे असते? अटी घातल्या तर समोरचा दुसऱ्याकडे जाईल. आधी नाव होऊ द्या.” या म्हणण्यात तथ्य आहे. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. खरे तर त्याला अक्कल असते, सवड नसते. पण कागद म्हणजे मोठी किंमत, हा समज चुकीचा आहे. हॉलंडमधील यंगकिओ नावाच्या तरुणाने आपली एक बीट ऑनलाइन बाजारात ठेवली. अमेरिकेत लिल नॅस एक्स या अनोळखी मुलाने ती ३० डॉलरना घेतली. तिच्यावर रचलेले ‘ओल्ड टाउन रोड’ २०१९ मध्ये तिथल्या गीतयादीत १९ आठवडे पहिले राहिले. बीट ज्या जुन्या ध्वनिमुद्रणावरून केली होती, त्याची परवानगी आणि श्रेय मागाहून निस्तरावे लागले, हे खरे. तरीही रचनाकार आणि प्रोड्यूसर म्हणून यंगकिओचे नाव गाण्यावर राहिले. किंमत त्याची अडीच हजारांच्या आत, माझ्या मित्राची दोन हजार. म्हणजे जवळजवळ सारखीच. फरक पडला तो नाव लागण्यात.

आपल्याकडे ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांना हा व्यवहार समजणे कठीण नाही. जमीन खंडाने देणे वेगळे आणि खरेदीखत करून देणे वेगळे. बीटचेही तसेच. ठरावीक वापरापुरती ती अनेकांना देता येते, किंवा एकालाच कायमची विकता येते. खंडाच्या पैशात खरेदीखत करून देऊ नये, एवढे आपल्या आजोबांनाही कळत होते. मोठ्या कंपन्या जी आगाऊ रक्कम देतात, ती ऊसतोडणीच्या उचलीसारखी असते. ती बक्षीस नव्हे. पुढील मानधनातून ती आधी फिटते, मगच हाती काही येते. फिटण्याचा हिशेब कोण ठेवणार आणि तो आपल्याला दाखविणार की नाही, हे उचल घेण्यापूर्वीच विचारावे.

शिवाय आपला कायदा या बाबतीत समजतो तितका परका नाही. हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असल्यावाचून ग्राह्य नाही. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरताच जातो. २०१२ च्या दुरुस्तीने, चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात गेलेल्या गीत-संगीताच्या पुढील वापराच्या मानधनातील गीतकार-संगीतकाराचा समान वाटा त्यांना सोडूनही देता येणार नाही, अशी तरतूद केली. ते मानधन गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे आणि तिचे सभासद होता येते. म्हणजे माझ्या मित्राने दोन हजार घेतले, म्हणून त्याचा ठेका कायमचा विकला गेला असे होत नाही. ‘मग आता काय?’ या प्रश्नाला कायद्यात उत्तर होते. ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते, एवढेच.

म्हणून नव्या मुलांना माझे सांगणे थोडके आहे. बीट देण्यापूर्वी एका पानावर पाच गोष्टी लिहाव्यात: कोणती बीट, कशासाठी, किती काळ, किती पैशाला आणि नाव कसे लागणार. त्यात दुसऱ्याचा तुकडा असेल तर तेही प्रामाणिकपणे लिहावे. खाली दोन सह्या. मूळ संगणकीय प्रत तारखेसह जपून ठेवावी. आणि गाणारा जिवलग मित्र असला, तर हे पान अधिक अगत्याने करावे. कागदाने मैत्री तुटते म्हणतात. मी तर ती कागद नसल्यामुळे तुटताना पाहिली आहे. त्या स्नेहसंमेलनात गायलेले दोघे आणि माझा मित्र आज एकमेकांशी बोलत नाहीत. ठेका त्या गृहस्थांपर्यंत कुणी पोहोचविला, याचा संशय तिघांच्याही मनात आहे.

महाविद्यालयानेही एक करावे. आपल्या आवारात संगीत मंडळ आहे, आणि कायद्याचे जाणकार गावात पुष्कळ आहेत. दोघांना वर्षातून एक दुपार एकत्र बसवावे आणि तो एका पानाचा नमुना मराठीत आणि कन्नडमध्ये तयार करून ग्रंथालयात ठेवावा. खर्च चहाचा. माझा मित्र हल्ली पुन्हा रात्री संगणकासमोर बसू लागला आहे. परवा त्याने नवा ठेका ऐकविला, चांगला आहे. मी विचारले, “कुणाला देणार?” तो म्हणाला, “आधी पान लिहून दे.”