अटक 29 जणांना, झडती पाड्याची का?



4 ऑक्टोबरला मुंबई हायकोर्टाने आरेच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं पडायला लागली. 5 तारखेला 144 कलम लागलं, रस्ते अडवले, 29 जणांना अटक झाली. 6 ला त्यांना जामीन मिळाला. 7 ला सुप्रीम कोर्टाने तोड थांबवली, तोवर 2141 झाडं आडवी झाली होती. हे सगळं पेपरात आलं. पाड्यावर काय झालं ते आलं नाही, म्हणून आम्ही लिहितोय.

त्या दिवसांत आम्ही बाहेर निघालो की नाक्यावर रिक्षा थांबवायची. उतरा, पिशवी उघडा, कुठे चाललात? पाटीत काय? अळू, काकडी, भोपळा. तळाशी विळा निघाला की आवाज बदलायचा. "हा कशाला?" भात कापायचे, गवत काढायचे दिवस. विळा नाही तर काय घेऊन फिरायचं? आमच्यातल्या एका मावशीची पाटी रस्त्यावरच ओतली. परत भरेपर्यंत बाजाराची वेळ गेली. ती गप्प राहिली. आम्ही पण गप्प राहिलो, त्याची लाज वाटते.

मग म्हणे पुरावा दाखवा. आधार दाखवलं तर त्यावर पाड्याचं नाव नाही. पाड्याचा पुरावा आम्ही किती वर्षं मागतोय! वनहक्काच्या दाव्याला 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा दाखवा म्हणतात. आणि आरे जंगलच नाही असंही म्हणायचे. दाव्याच्या वेळी आम्ही इथले नाही, झडतीच्या वेळी मात्र बरोबर इथलेच!

कुणी म्हणेल, बंदोबस्तात पोलिसांनी तपासायचं नाही का? तपासा की. पण कायद्याने तपासा. तेव्हाचं 144 म्हणजे जमाव करू नका. एकट्या बाईची पाटी म्हणजे जमाव नाही. अटक झालेल्याची झडती घेता येते, ते 2024 पर्यंत कलम 51 होतं. त्यातही बाईची झडती बाई पोलिसानेच, मर्यादा सांभाळून घ्यायची. वॉरंटाशिवाय घर झडायचं तर कारण आधी लिहायचं, ते 2024 पर्यंत कलम 165 होतं. आणि 2024 पर्यंतच्या कलम 100 प्रमाणे आसपासचे दोन पंच पाहिजेत, जे नेलं त्याची यादी पाहिजे. झाडं कापायची यंत्रं रात्री आत गेली तेव्हा रस्ता मोकळा होता. भाजीच्या पाटीला मात्र नाका!

म्हणून आपण एवढं ठरवू. एकटं जायचं नाही, दोघं-तिघं जायचं. झडती का, ते शांतपणे विचारायचं. साहेबाचं नाव, गाडीचा नंबर, तारीख, वेळ वहीत लिहायची. काही नेलं तर यादी मागायची. कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठा नाही. आणि हात उचलायचा नाही, ढकलाढकली नाही. गुन्हा लावायला तेवढं पुरतं, मग कोर्टाच्या फेऱ्या आपल्याच.

प्रत्येक पाड्याने एक वही करावी, पुढच्या बैठकीत आणावी. एकट्याचं बोलणं तक्रार ठरतं, सगळ्या पाड्यांच्या वह्या एकत्र आल्या तर पुरावा ठरतो. पुरावाच मागतात ना? देऊ.

जल, जंगल, जमीन आपली!