नारणप्पाचं प्रेत आणि जळती झोपडी

एम.ए.ला असताना यू. आर. अनंतमूर्तींची 'संस्कार' आमच्या वाचनात लावली होती. १९६५ सालची कन्नड कादंबरी, ए. के. रामानुजन यांच्या इंग्रजी भाषांतरात. जातिव्यवस्थेची चिरफाड करणारी अभिजात कादंबरी, अशी तिची ओळख करून दिली गेली. मी ती एका रात्रीत वाचली आणि, खोटं कशाला बोलू, भारावले. पीएच.डी.च्या कामासाठी अलीकडे तिसऱ्यांदा वाचली तेव्हा मात्र संताप आला.

गोष्ट अनेकांना माहीत असेल. दुर्वासपूर नावाच्या माध्व ब्राह्मणांच्या अग्रहारात नारणप्पा मरतो. तो मांस खाणारा, दारू पिणारा, चंद्री या खालच्या जातीच्या बाईला घरात आणून ठेवणारा. पण त्याला जातीबाहेर काढलेलं नाही, म्हणून त्याला अग्नी ब्राह्मणानेच द्यायला हवा. आणि कोणी द्यायला तयार नाही. प्रेत घरात कुजतं, गिधाडं छपरांवर येऊन बसतात, प्रेत उठेपर्यंत जेवता येत नाही म्हणून ब्राह्मण उपाशी. काशीला शिकून आलेले प्राणेशाचार्य पोथ्या उलटतात, मारुतीला कौल मागतात. उत्तर नाही. त्यांच्या या पेचावर अख्खी कादंबरी उभी आहे, आणि त्याच पेचासाठी जगभर ती वाचली गेली.

आता त्याच कादंबरीतली दुसरी मरणं पाहा. अग्रहाराबाहेरच्या अस्पृश्य वस्तीत त्याच प्लेगने माणसं पटापट मरतात. प्रेत झोपडीतच ठेवून झोपडी पेटवून दिली जाते. बेल्लीचे आईबापही जातात. हे सगळं काही ओळींत उरकतं. तिथे धर्मसंकट नाही, शास्त्रार्थ नाही, कोणी उपाशी राहत नाही. श्रीपती हा ब्राह्मण तरुण त्या वस्तीकडे जातो तो बेल्लीच्या शरीरासाठी. वस्ती जळतेय हे त्याला दिसतं, पण त्याच्यासाठी तो प्रश्न होत नाही. पहिल्या वाचनात माझ्यासाठीही झाला नव्हता, याची मला जास्त लाज वाटते.

कारण मरणाची कामं आमच्या घराला नवीन नाहीत. माझे पणजोबा महारकी करत. गावात कोणी वारलं की सांगावा घेऊन उन्हातान्हात पाहुण्यांच्या गावी तेच पळायचे, सरणाची लाकडंही तेच वाहून टाकायचे, आणि सरण पेटताना लांब उभे राहायचे. आजी हे सांगते तेव्हा तिच्या आवाजात रडगाणं नसतं, हिशोब असतो. १९५६ नंतर आमच्या घराने ही कामं सोडली. आजीला मी 'संस्कार'ची गोष्ट सांगितली तेव्हा तिने एकच विचारलं, "मग शेवटी लाकडं आणली कोणी?"

प्रश्न अचूक आहे. शेवटी नारणप्पाला जाळते चंद्री. आधी एका गाडीवानाला विचारते, तो घाबरतो. मग अहमद बारी हा मासेविक्या मुसलमान गाडी जुंपतो आणि दोघं मिळून रात्रीतून ते काम उरकतात. अग्रहाराला पत्ताही लागत नाही. कादंबरीतली ही सर्वांत मोठी कृती, आणि ती उरकून चंद्री कुंदापूरची वाट धरते, म्हणजे पुस्तकातूनच जाते. पुढची पानंच्या पानं आचार्यांच्या आत्ममंथनाची. त्या मंथनाला सुरुवात कशाने झाली? जंगलात चंद्रीशी झालेल्या संगाने. ब्राह्मण बायका वाळलेल्या, आजारी. चंद्री आणि बेल्ली रसरशीत. ब्राह्मण पुरुषाला जाग यावी म्हणून आमच्या बायकांची शरीरं हाताशी ठेवलेली. याला जातिविरोधी म्हणायचं असेल तर म्हणा, मी म्हणणार नाही.

वर्गात हे मांडलं तेव्हा उत्तर मिळालं की कादंबरी ब्राह्मणांच्या आंधळेपणावरच आहे, म्हणून झोपडी ओझरती दिसते. युक्तिवाद हुशार आहे. पण आंधळेपणा पात्राचा असेल तर लेखकाने आपली नजर वेगळी ठेवावी. इथे लेखक आचार्यांच्या मनात मुक्काम ठोकतो. चंद्रीच्या मनातही थोडा डोकावतो, तर तिथेही आचार्यांपासून गर्भ राहावा ही आस. बेल्लीच्या मनापर्यंत तो जातच नाही.

आणि 'तो काळच तसा होता' हे तर मला सांगूच नका. १८९२ साली, म्हणजे 'संस्कार'च्या ७३ वर्षं आधी, पोथेरी कुंञंबू या तीय्या लेखकाने मल्याळममध्ये 'सरस्वतीविजयम्' लिहिली. नंबुद्रीसमोर गायला म्हणून एका पुलय पोराला मारहाण होते, तो मेला असं समजून सगळे मोकळे होतात. तो जगतो, मिशनमध्ये शिकतो, न्यायाधीश होतो, आणि त्याच्याच खुनाच्या आरोपात तो नंबुद्री त्याच्यासमोर उभा राहतो. कथानक भाबडं आहे, योगायोगांनी भरलेलं आहे, धर्मांतराचा प्रचारही उघड आहे. पण ज्याला मेलेला म्हणून सोडून दिलं त्याच्याभोवती गोष्ट फिरते. ही कादंबरी मला कोणत्याही वर्गात शिकवली गेली नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत वाणियंबाडीजवळ एका दलिताचं प्रेत पुलावरून दोरीने खाली सोडावं लागलं, कारण स्मशानाची वाट सवर्णांच्या जमिनीतून जात होती. व्हिडिओ देशभर फिरला, मद्रास उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तो व्हिडिओ पाहताना मला आचार्यांची एकही ओळ आठवली नाही.

पुढच्या सत्रात 'संस्कार' मलाच शिकवायची आहे. ती वगळा असं मी म्हणणार नाही. पण पहिल्या तासाला नारणप्पाचं घर उघडायचं नाही, झोपडीचं पान उघडायचं असं ठरवलंय. आणि आजीचा प्रश्न फळ्यावर लिहीन.