जुन्या स्पिटफायरचा गिअरबॉक्स आणि आमच्या घरातला वाद



आपल्याकडे वाडे, मेळे, कुंदा, सीमाप्रश्न, जुन्या शाळा यांवर पुष्कळ लिहून होतं. मी आज गाडीवर लिहिणार आहे, तेही तिच्या पोटातल्या एका लोखंडी पेटीवर. घरात त्यावरून तीन महिने वाद चालू आहे आणि माझं मत मी सगळ्यांना तोंडी सांगून दमलोय. आता एकदाच लिहून टाकतो.

गाडी आमच्या मेहुण्यांची. ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क टू, १९६५ सालची. दोन माणसांची, उघड्या टपाची, इंग्लंडात कॉव्हेंट्रीला बनलेली. पूर्वी वकिलातीतल्या परदेशी लोकांच्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. तशी ही कुणीतरी घेतली आणि फिरत फिरत मेहुण्यांकडे टिळकवाडीत आली. ते गेल्यापासून ताडपत्रीखाली उभी होती. अक्काचं म्हणणं, विकून टाका. भाचीचा मुलगा पुण्यात इंजिनिअर आहे. त्याचं म्हणणं, गाडी ठेवू, पण गिअरबॉक्स काढून टाकू आणि जिप्सीचा पाच गिअरचा बसवू. "आजोबा, सगळे गिअर सिंक्रो, पार्ट गल्लोगल्ली मिळतात, कटकटच नको." माझं म्हणणं, आहे तोच उघडा, दुरुस्त करा आणि जिथे कमजोर आहे तिथे मजबूत करा.

मी बी.कॉम. माणूस, आयुष्य बँकेत गेलं, पान्याशी संबंध नाही. पण मेहुण्यांबरोबर या गाडीखाली इतके रविवार घालवलेत की थोडंफार कळतं.

आधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे तुम्हाला ही गाडी परकी वाटणार नाही. स्टँडर्ड हेरल्ड आठवते? मद्रासला बनायची, पुढचं अख्खं बॉनेट मगरीच्या जबड्यासारखं उघडायचं. स्पिटफायर ही तिचीच बहीण. दोघींचं रूप मिचेलॉटी या इटालियन माणसाने काढलं आणि स्पिटफायरचा सांगाडा हेरल्डवरूनच बेतला. गिअरबॉक्सही त्याच घराण्यातला. पुढचे चार गिअर, पैकी पहिल्याला सिंक्रो नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही, नाहीतर करकर ऐकू येते. चालतीवर टाकायचाच असेल तर क्लच दोनदा दाबून मधे थोडी रेस द्यायची. आमच्या पिढीतल्या ड्रायव्हरांना हे हाताला येत होतं.

तक्रार अशी होती. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गिअरमध्ये घरघर, चौथ्यात गाडी गप्प. शिवाय उतारावर दुसरा गिअर आपोआप सुटायचा. ही दुसरी गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आंबोली घाट उतरताना गाडी दुसऱ्यावर धरलेली असते, इंजिनच तिला आवरत असतं. तेवढ्यात गिअर निसटून न्यूट्रल झाला तर सगळा भार ब्रेकवर येतो, आणि समोर वळण असतं.

घरघरीवरून रोग कसा ओळखायचा, ते मिस्त्रींनी नातवाला दाखवलं. चौथा गिअर थेट असतो, इंजिनकडून येणारा शाफ्ट आणि चाकांकडे जाणारा शाफ्ट एकमेकांत अडकतात. बाकीच्या गिअरमध्ये ताकद खालच्या शाफ्टवरून, म्हणजे लेशाफ्टवरून, वळसा घेऊन जाते. वळशाच्या वाटेवर आवाज आणि थेट वाटेवर शांतता, म्हणजे रोग खाली. लांब पेचकसाचं टोक पेटीला आणि मूठ कानाला लावून मिस्त्री म्हणाले, "हितं ऐका की साहेब, खडीवरनं चालल्यागत वाजतंय." नातवाने मोबाइलवर रेकॉर्ड केलं. कान लावायला तयार नव्हता.

या गाडीची एक सोय मला फार आवडते. कित्येक जुन्या स्पोर्ट्स गाड्यांत गिअरबॉक्ससाठी इंजिनसकट सगळं वर उचलावं लागतं. इथे सीट काढा, मधला फुगवटा काढा, गिअरबॉक्स गाडीच्या आतूनच बाहेर येतो. दोन माणसं आणि एक सकाळ. तो बनवणाऱ्यांनी कधीतरी उघडावा म्हणूनच बनवलाय, हे माझं पहिलं म्हणणं.

उघडल्यावर दिसलं ते असं. लेशाफ्टवर जिथे नीडल बेरिंगच्या सुया फिरतात, तिथे खड्डे पडलेले. हा शाफ्ट मुळातला नव्हताच. पूर्वी कधीतरी एका गॅरेजने साध्या पोलादाचा खरादून घातला होता. मापाला बरोबर, पण मऊ. सुया कडक आणि शाफ्ट मऊ, मग शाफ्टच झिजणार. दुसऱ्या गिअरची पितळी सिंक्रो रिंग इतकी झिजलेली की कोनावर दाबली तर गिअरच्या दातांना जवळजवळ टेकते. मधे फट राहायला हवी. दातांची टोकं गोल झालेली आणि गिअर जागेवर धरणारी स्प्रिंग थकलेली. म्हणून तो सुटत होता. बाकी दाते, आणि बाहेरची पेटी, साठ वर्षांनंतर ठणठणीत.

आता सांगा, एवढ्यासाठी अख्खी पेटी भंगारात घालायची?

"मजबूत करणे" या शब्दाचा फार गैरवापर होतो. नातवाने परदेशी रेसिंगवाल्यांचे सरळ दातांचे गिअर शोधून काढले होते. तिरप्या दातांचे गिअर फिरताना शाफ्टला बाजूला रेटतात, सरळ दातांचे रेटत नाहीत, ही गोष्ट खरी. पण ते रडतात. शर्यतीत हेल्मेट घातलेल्या माणसाला चालतं, कॉलेज रोडवर चालणार नाही. आणि ११४७ सीसीचं, ६७ हॉर्सपॉवरचं इंजिन, त्याला रेसिंगचे गिअर म्हणजे पाटाच्या पाण्याला धरणाचे दरवाजे.

इथे मजबुती म्हणजे चार साध्या गोष्टी नीट करणं. उद्यमबागेतल्या एका टर्नरकडून शाफ्ट करून घेतला, गिअरला वापरतात त्या ईएन ३५३ पोलादाचा. वरचा थर कार्बन देऊन कडक केला. हा थर जेमतेम मिलिमीटरभर असतो, आतला गाभा चिवटच राहायला हवा, नाहीतर शाफ्ट काचेसारखा मोडेल. मग ग्राइंडिंग, तेही बेताने, नाहीतर कमावलेला थरच घासून जातो. कडकपणा मशीनवर ६० रॉकवेलच्या आसपास आला. टर्नरने तरीही कानस फिरवून बघितली. कानस घसरली तेव्हाच त्याने शाफ्ट हातात दिला. सुया नव्या, दोन्ही टोकांचे थ्रस्ट वॉशर मापून निवडलेले, सिंक्रो रिंग आणि स्प्रिंग नवी. टोकं झिजलेला दुसरा गिअर मात्र एका जुन्या हेरल्डच्या पेटीतून काढला.

तेलाचं वेगळं सांगतो, कारण इथे चांगली कामं वाया जातात. दुकानदार जीएल-५ तेल पुढे करतो, चारापेक्षा पाच मोठा म्हणून. ते तेल डिफरन्शियलसाठी ठीक. त्यातली जास्तीची गंधकयुक्त द्रव्यं पितळ-काशाला खाऊ शकतात, आणि सिंक्रो रिंग त्याचीच असते. इथे जीएल-४ च हवं. एक लिटरसुद्धा लागत नाही, पण मागून गळत असेल तर तेवढंच तेल संपायला वेळ लागत नाही.

पाच गिअरवाल्यांचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. हायवेवर ताशी शंभरला हे इंजिन चार हजार फेऱ्यांच्या आसपास फिरत असतं, तासाभरात कान किटतात. इंग्लंडातही पुष्कळ लोक फोर्डचा पाच गिअरचा बॉक्स बसवतात. पण त्यावर त्या काळातलाच उपाय आहे, लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह, कंपनीच तो जादा पैसे घेऊन देत असे. मिळाला तर तो बसवू. वेगळा गिअरबॉक्स बसवायचा म्हणजे आधाराच्या पट्ट्या, प्रॉपेलर शाफ्ट, वेळ पडली तर फुगवटा आणि चेसिस, सगळीकडे कापाकापी. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार नसलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. नवी नोंदणी २०,००० रुपये. चेसिसला एकदा कटर लागला की त्या दारातून आत जाताना अडचण येणार. बँकेत मी तारणाचे कागद बघत आलो, म्हणून मला हे आधी दिसतं असं भाची म्हणते. असेल.

आणि पैसा कुठे जातो, हेही बघायला हवं. जिप्सीचा बॉक्स घेतला असता तर पैसे भंगारवाल्याला गेले असते. इथे ते टर्नरला, हीट ट्रीटमेंटवाल्याला, ग्राइंडिंगवाल्याला आणि मिस्त्रींना गेले. मिस्त्री माझ्याच वयाचे आहेत. त्यांचा मुलगा गाड्यांना लॅपटॉप जोडून दोष काढतो, हुशार आहे, पण पेचकस कानाला लावत नाही. मागच्या आठवड्यात मात्र पेटी बंद करताना तो दोन तास शेजारी उभा होता, आणि थ्रस्ट वॉशरची फट त्यानेच फीलर गेजने मोजली.

गाडी आता चालते. दुसरा गिअर आंबोलीत सुटला नाही, दोनदा उतरून बघितलं. अक्का अजून "विका" म्हणते, पण ताडपत्री तिने भाजीवाल्याला देऊन टाकली. नातू ओव्हरड्राइव्ह शोधतोय.

एक विनंती. बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, गोवा, कुठेही कुणाच्या परसात जुन्या हेरल्डचा गिअरबॉक्स पडलेला असेल तर भंगारात देऊ नका, आधी मला कळवा. रिव्हर्सच्या मधल्या गिअरचे दात आमचे फार चांगले राहिलेले नाहीत.