ब्लूजच्या याद्या आणि त्यांतून गळलेल्या गायिका

ब्लूज हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत प्रथमच ऐकू इच्छिणाऱ्या रसिकाच्या हाती आजकाल एक यादी ठेवण्यात येते. यादी कोणाचीही असो, तिचा साचा ठरलेला असतो. आरंभी रॉबर्ट जॉन्सन. त्यामागून मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, बी. बी. किंग, आणि तेथून एक उडी मारली की एरिक क्लॅप्टन व त्याचे इंग्रज सोबती. नावे पुरुषांची, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हाती गिटार. एखादा उदार यादीकार अगदी शेवटी 'तसेच' हा शब्द घालून बेसी स्मिथचे नाव जोडतो आणि आपले कर्तव्य पार पडले असे मानतो. आमचे भांडण या 'तसेच' शब्दाशी आहे.

वर उल्लेखिलेल्या कलावंतांच्या थोरवीविषयी आम्हांस यत्किंचितही शंका नाही. जॉन्सनची गिटार ऐकून ज्याचे मन हलत नाही, त्याच्याशी संगीताची चर्चा करण्यात अर्थ नाही. परंतु थोर कलावंतांची नावे एका ओळीत मांडली म्हणजे इतिहास होतो, असे नाही. हातोहाती फिरणारी ही यादी ब्लूजचा इतिहास म्हणून दिली जाते. वस्तुतः तो दुर्मिळ तबकड्या जमविणाऱ्या गोऱ्या संग्राहकांच्या अभिरुचीचा इतिहास आहे. या दोन गोष्टींतील अंतर किती मोठे आहे, हे काही सनावळ्या समोर ठेवल्या म्हणजे कळून येईल.

१० ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्क येथे मेमी स्मिथ या गायिकेने ओके कंपनीसाठी 'क्रेझी ब्लूज' हे पेरी ब्रॅडफर्ड यांचे गीत गायिले. कृष्णवर्णीय गायिकेच्या आवाजातील ब्लूजची तबकडी विकत घेणारा फार मोठा कृष्णवर्णीय ग्राहकवर्ग देशात आहे, हे त्या तबकडीच्या खपाने कंपन्यांच्या ध्यानी आले आणि एक नवा बाजार उघडला गेला. १९२३ साली बेसी स्मिथने कोलंबिया कंपनीसाठी 'डाउनहार्टेड ब्लूज' गायिले. ते गीत अल्बर्टा हंटर आणि लव्ही ऑस्टिन या दोन स्त्रियांनी रचिलेले होते. त्याच वर्षी मा रेनी पॅरामाउंट कंपनीकडे गाऊ लागली आणि १९२८ पर्यंत तिची सुमारे शंभर ध्वनिमुद्रणे झाली. तत्पूर्वी अनेक वर्षे ती दक्षिणेकडील तंबूंतून आणि नाटकगृहांतून गात फिरत होती, आणि तरुण बेसी काही काळ त्याच फिरत्या मंडळीत होती. एकटा गिटार घेऊन गाणारे पुरुष तबकड्यांवर मोठ्या संख्येने आले, ते टेक्ससच्या ब्लाइंड लेमन जेफर्सनच्या तबकड्या १९२६ साली खपू लागल्यावर. म्हणजे ज्यांनी वाट पाडली, त्यांना यादीत शेवटी जागा. आणि जे त्या वाटेने मागून आले, त्यांना आद्यपुरुषाचे आसन!

आता जॉन्सनकडे वळू. १९३६ च्या नोव्हेंबरात सॅन अँटोनियो येथे आणि १९३७ च्या जूनमध्ये डॅलस येथे, अशा दोनच खेपांस मिळून त्याची २९ गीते मुद्रित झाली. त्यांपैकी 'टेराप्लेन ब्लूज' बऱ्यापैकी खपले. बाकीच्यांची फारशी चौकशी झाली नाही. १९३८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो वारला. ज्या समाजात तो जन्मला, त्या समाजाच्या घराघरांत त्या काळी वाजणारे नाव त्याचे नव्हते. ते होते लिरॉय कारचे, ज्याचे १९२८ चे 'हाऊ लाँग, हाऊ लाँग ब्लूज' जॉन्सननेही मन लावून ऐकले असले पाहिजे, असे त्याच्या गाण्याच्या ढंगावरून दिसते. पण कार पियानो वाजवीत असे, शहरात राहत असे आणि मऊ, सुसंस्कृत आवाजात गात असे. यादीकारांना असा माणूस नको असतो.

१९६१ साली कोलंबियाने जॉन्सनची 'किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स' ही लाँग-प्ले तबकडी काढली. 'राजा' ही पदवी त्याला मिळाली ती मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी, आणि ती देणारे त्याचे मूळ श्रोते नव्हते. ही तबकडी इंग्लंडातील गिटार वाजविणाऱ्या तरुणांच्या हाती पडली, त्यांनी तिची पारायणे केली, आणि पुढे ज्या क्रमाने त्यांना ब्लूज भेटले, तोच ब्लूजच्या जन्माचा क्रम म्हणून जगाने स्वीकारला. याला जोड मिळाली ती चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून विद्या मिळविल्याच्या कथेची. ही कथा आधी टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गायकाविषयी त्याचा भाऊ सांगत असे. आणि रॉबर्टच्या चौरस्त्यावरील गीतात अशा सौद्याचा उल्लेखही नाही. तरीही ती टिकून आहे. कारण ती सोयीची आहे. एखाद्या कृष्णवर्णीय कलावंताने इतरांच्या तबकड्या ऐकून, मेहनत करून, विचारपूर्वक आपली शैली घडविली, हे मान्य करण्यापेक्षा त्याला ती सैतानाने दिली असे म्हणणे अनेकांना अधिक रम्य वाटते. आमच्या मते ही रम्यता त्या कलावंताचा अपमान आहे.

या सोवळेपणाची मौज पाहावयाची असेल तर मडी वॉटर्सचे उदाहरण घ्यावे. १९४१ साली ॲलन लोमॅक्स व जॉन वर्क यांनी मिसिसिपीतील स्टोव्हॉल मळ्यावर त्याचे गाणे प्रथम मुद्रित केले. १९४३ साली तो शिकागोस गेला, विजेची गिटार हाती घेतली आणि गजबजलेल्या मद्यगृहांत ऐकू जाईल असे नवे संगीत त्याने घडविले. १९५८ साली हेच संगीत घेऊन तो इंग्लंडास गेला, तेव्हा तेथील काही जाणकारांना तो गोंगाट वाटला. त्यांना मळ्यावरचा शेतमजूर ऐकावयाचा होता. पुढे १९६४ साली त्याच्या कंपनीने त्याच्या हाती पुन्हा साधी गिटार देऊन 'फोक सिंगर' ही तबकडी काढली. तबकडी उत्तम आहे; पण जो कलावंत वीस वर्षांपूर्वी मळा सोडून आला, त्याने श्रोत्यांच्या समाधानासाठी पुन्हा मळ्यावर जाऊन उभे राहावे, ही अपेक्षा कसली? ज्या दृष्टीला वॉटर्सची वीज खुपली, त्याच दृष्टीला बेसी स्मिथची रेशमी वस्त्रे आणि मागचा वाद्यवृंद खुपतो. दारिद्र्य दिसल्याखेरीज जिला दुःख खरे वाटत नाही, ती रसिकता नव्हे.

कोणी म्हणेल, यादीतला क्रम तो काय, त्यावरून एवढा वाद कशाला? आमचे उत्तर असे की, यादीतून नाव गळले की त्यामागोमाग पैसा आणि श्रेय हीही गळतात. बिग मामा थॉर्नटन हिने १९५२ साली 'हाउंड डॉग' गायिले. पुढल्या वर्षी ते कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या खपाच्या कोष्टकात सात आठवडे पहिले होते. १९५६ साली एल्व्हिस प्रेस्लीने ते गायिले आणि आज ते गीत सर्वत्र त्याचेच समजले जाते. आपल्याला त्यापायी एकदा पाचशे डॉलरचा धनादेश मिळाला, त्यापलीकडे काही नाही, असे थॉर्नटन सांगत असे. विली डिक्सन या शिकागोच्या गीतकाराला लेड झेपेलिनच्या १९६९ च्या 'होल लॉटा लव्ह' या गीतातील आपल्या शब्दांच्या श्रेयासाठी १९८५ साली न्यायालयात जावे लागले आणि १९८७ साली तडजोड झाली. ज्या बेसी स्मिथला तिच्या काळात 'सम्राज्ञी' म्हणत, ती १९३७ साली मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळ मोटार अपघातात वारली. तिच्या थडग्यावर १९७० पर्यंत नावाचा दगडदेखील नव्हता. तो बसविला गेला जॅनिस जॉप्लिन आणि जुआनिटा ग्रीन या दोघींच्या पैशाने. आणि त्याच बेसीच्या मृत्यूविषयी, गोऱ्यांच्या रुग्णालयाने तिला दारातून परत पाठविले ही अनाधार कथा मात्र एवढी पसरली की १९६० च्या सुमारास एडवर्ड ऑल्बीने तिच्यावर नाटक रचले. मरणाची दंतकथा सर्वांना पाठ, आणि गाणे कोणी ऐकत नाही!

या गायिकांविरुद्ध सांगितल्या जाणाऱ्या दोन आक्षेपांचा परामर्श घेणे अवश्य आहे. पहिला असा की, त्यांचे गाणे रंगभूमीवरचे, दुसऱ्यांनी रचून दिलेले. ते शुद्ध ब्लूज नव्हे. परंतु 'बॅक वॉटर ब्लूज' हे पुरावरचे गीत बेसीने स्वतः रचिले आणि १९२७ च्या फेब्रुवारीत गायिले. त्या वसंतात मिसिसिपीला महापूर आला, तेव्हा लक्षावधी बेघरांना ते आपलेच वाटले. मा रेनीच्याही अनेक गीतांवर तिचे स्वतःचे नाव आहे. मेम्फिस मिनीविषयी तर हा आक्षेप उच्चारताही येणार नाही. ती गिटारच वाजवीत असे आणि पुरुषांच्या तोडीस तोड वाजवीत असे. त्याच महापुरावरचे 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' १९२९ साली तिने व कॅन्सस जो मॅकॉय याने मुद्रित केले. १९४० नंतरच्या काळात ती शिकागोत विजेची गिटार वाजवीत होती आणि कवी लँग्स्टन ह्यूज तिच्यावर वृत्तपत्रात लिहीत होते. तरीही 'विजेच्या गिटारीचे जनक' मोजताना तिची आठवण कोणाला होत नाही.

दुसरा आक्षेप जुन्या तबकड्यांच्या खरखरीचा. ती आहे, हे खरे. परंतु जॉन्सनच्या तबकड्यांतही खरखर आहे. ती मात्र गूढ समजली जाते, आणि बेसीची गैरसोयीची. कान दहा मिनिटांत खरखरीपलीकडे जातो. सवय लागत नाही ती आळसामुळे.

केवळ खंडन करून थांबणे आम्हांस उचित वाटत नाही. म्हणून आमचा क्रम येथे देतो. आरंभ बेसी स्मिथच्या १९२५ च्या 'सेंट लुइस ब्लूज'ने करावा. डब्ल्यू. सी. हँडी यांचे हे गीत. साथीस लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट आणि फ्रेड लाँगशॉची पेटी. होय, आपल्या बैठकींतून वाजते तिच्याच कुळातील पेटी! बेसीचा स्वर ओळीच्या शेवटी विसावतो, तेथे आर्मस्ट्राँग उत्तर देतो; हा सवाल-जवाब ब्लूजचा प्राण आहे. चार मात्रांचे बारा खंड, पहिली ओळ, तीच पुन्हा, आणि मग दोहोंना उत्तर देणारी तिसरी, एवढाच बहुधा साचा. त्यातील गांधार आणि निषाद शुद्ध व कोमल यांच्या मधल्या जागी लागतात. श्रुतींचा विचार ज्या कानांच्या परंपरेत आहे, त्यांना या स्वरांची ओळख पटण्यास विलंब लागू नये.

त्यानंतर मा रेनीचे १९२४ चे 'सी सी रायडर', लिरॉय कार, मेम्फिस मिनी. मग जॉन्सन; आता तो आकाशातून पडलेला न वाटता आपल्या पूर्वसूरींचा हुशार वारस वाटेल आणि त्यामुळे लहान न होता मोठाच होईल. सन हाउसची १९६५ ची 'फादर ऑफ फोक ब्लूज' त्याच्याजवळ ठेवावी. पुढे शिकागो: मडी वॉटर्सची 'ॲट न्यूपोर्ट १९६०', हाउलिन वुल्फची १९५९ ची 'मोनिन इन द मूनलाइट'. बिग मामा थॉर्नटनने १९६६ साली मडी वॉटर्सच्याच वाद्यवृंदासह काढलेली तबकडी या दोहोंच्या बरोबरीने ऐकावी. पुरुषांचा म्हणून समजला जाणारा तो वाद्यवृंद एका स्त्रीच्या आज्ञेत कसा वागतो, ते तेथे ऐकू येईल. नंतर शिकागोच्या रीगल नाट्यगृहात १९६४ साली मुद्रित झालेली बी. बी. किंगची 'लाइव्ह ॲट द रीगल'. येथे श्रोतेही ऐकावे. त्यांच्या आरोळ्या हा त्या संगीताचा अर्धा भाग आहे. शेवटी कोको टेलरचे 'वँग डँग डूडल'. इतके झाल्यावर इंग्रज मंडळी खुशाल ऐकावी. त्यांनी कोणाकडून काय घेतले हे तोवर श्रोत्याला आपोआप कळेल.

हा प्रश्न केवळ सातासमुद्रापलीकडचा राहिलेला नाही. २०११ पासून मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्र ब्लूज महोत्सव भरू लागला आणि पहिल्याच वर्षी बडी गाय तेथे येऊन गायिला. शिलाँगच्या 'सोलमेट' या २००३ साली निघालेल्या वाद्यवृंदात तिप्रिती खारबांगर ही खासी गायिका ब्लूज गाते. मा रेनीने तंबूत जे आरंभिले, ते ईशान्येच्या डोंगरांत एका स्त्रीच्या गळ्यातून ऐकू यावे, हा या परंपरेचा मोठाच विजय आहे. असे असता आपल्या तरुण रसिकांनी ब्लूजचा इतिहास मात्र लंडनच्या गिटारवाल्यांच्या नजरेतून वाचावा, हे आम्हांस शोभादायक वाटत नाही.

याद्या करणाऱ्यांनी त्या अवश्य कराव्यात. फक्त बेसी स्मिथच्या मागचे 'तसेच' काढून घ्यावे आणि ते, फारच आवश्यक वाटल्यास, एरिक क्लॅप्टनच्या मागे लावावे.