आधी परत आणून दाखवा

ऑनलाइन बॅकअप विकणाऱ्या मंडळींत एक समज पक्का रुजला आहे. बॅकअप कुणी हौसेने घेत नाही. तो नव्या मोबाइलसारखा चारचौघांत मिरवता येत नाही, आणि संकट आलंच नाही तर वर्षभर भरलेले पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. मग नवं गिऱ्हाईक आणायचं तर एक तर त्याला घाबरवा, नाही तर चार-सहा महिने फुकट द्या, नाही तर जागा अमर्याद आहे म्हणून सांगा. एकदा त्याचा डेटा आपल्याकडे आला की गिऱ्हाईक कुठे जातं? विक्रीच्या प्रशिक्षणात हेच शिकवलं जातं. माझ्या मते या तिन्ही वाटा चुकीच्या आहेत, आणि त्यात गिऱ्हाइकाइतकंच विकणाऱ्याचंही नुकसान आहे.

'अमर्याद'चा निकाल काळानेच लावून टाकला आहे. अमेरिकेतल्या मोझी कंपनीने महिना पाच डॉलरच्या आत अमर्याद बॅकअप देऊन नाव कमावलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये ती योजना गुंडाळली. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१४ मध्ये ऑफिस ३६५च्या ग्राहकांना वनड्राइव्हवर अमर्याद जागा जाहीर केली. नोव्हेंबर २०१५ मध्ये, जेमतेम वर्षभरात, मागे घेतली. काहींनी ७५ टेराबाइटपर्यंत साठवण केली, असं कारण सांगितलं. पण मर्यादा नाही असं तुम्हीच म्हणाला होतात ना? ॲमेझॉनची अशीच योजना २०१५ मध्ये आली आणि २०१७ मध्ये गेली. त्याच वर्षी क्रॅशप्लॅनने घरगुती ग्राहकांची सेवाच बंद करत असल्याचं कळवलं. गूगल फोटोज तर आपल्या घराघरातली गोष्ट. मे २०१५ मध्ये 'उच्च दर्जाचे' फोटो हवे तेवढे ठेवा म्हणून सुरू झालेली ही सेवा १ जून २०२१पासून १५ जीबीच्या हिशोबात आली. आधीचे फोटो मोजले नाहीत, हे मान्य. पण तोवर बारशापासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत सगळं तिथेच साठवायची सवय लागली होती.

यात प्रत्येक वेळी लबाडी होती असं माझं म्हणणं नाही. डिस्क विकत घ्याव्या लागतात, त्यांना वीज लागते, त्या मरतात, बदलाव्या लागतात. ठरावीक पैशांत अमर्याद साठवण हा हिशोब फार दिवस जमत नाही, एवढंच. यावर कुणी बॅकब्लेझचं उदाहरण देईल, आणि ते रास्त आहे. ही कंपनी २००७पासून आहे आणि अजून अमर्याद बॅकअप विकते. पण तिची योजना एका संगणकापुरती आहे आणि भावही वाढत आला आहे : महिना पाच डॉलर होता, २०२३ मध्ये नऊ झाला. मुख्य म्हणजे आपल्याकडच्या कोणत्या बनावटीच्या किती डिस्क बंद पडल्या, याच्या २०१३पासूनच्या नोंदी ती जगासमोर मांडते. आपलाच माल किती वेळा बिघडतो हे सांगून गिऱ्हाईक मिळवता येतं, याचा याहून चांगला पुरावा माझ्यापुढे नाही.

आता फुकटाकडे वळू. मे २०२५ मध्ये एअरटेलने आपल्या पोस्टपेड आणि वाय-फाय ग्राहकांना गूगल वनची १०० जीबी जागा सहा महिने मोफत दिली. सातव्या महिन्यापासून १२५ रुपये मासिक बिलात जोडले जाणार, नको असेल तर ग्राहकाने सेवा बंद करायची, अशी अट होती. अट जाहीर होती, लपवलेली नव्हती. माझा आक्षेप आहे तो या पद्धतीमागच्या गृहीतावर. सहा महिन्यांत माणसाने काय करावं अशी अपेक्षा आहे? जागा भरावी. एकदा का ती भरली, की निर्णय त्याच्या हातात राहत नाही. गूगलची जागा फोटो, ड्राइव्ह आणि जीमेल यांच्यात मिळून असते. ती ओसंडली की नवी मेलसुद्धा यायची थांबते. बँकेचं, शाळेचं, आयकर खात्याचं पत्र अडकलं की तो पैसे भरतोच. अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही २०२४पासून याच जागेत मोजला जाऊ लागला, म्हणजे कुटुंबाच्या ग्रुपवरचे सुप्रभातही त्यात आले.

फुकट देणारे म्हणतात, वापरून पाहिल्याशिवाय किंमत कळत नाही. तत्त्व बरोबर आहे. पण त्या सहा महिन्यांत वापरलं काय जातं? फक्त साठवण. बॅकअपचा खरा उपयोग डेटा परत मिळवण्यात आहे, आणि तो मोफत काळात कुणीच करून पाहत नाही, कंपनीही करायला सांगत नाही. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला गोंधळात टाकणाऱ्या १३ क्लृप्त्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. वर्गणीचा सापळा आणि खोटी घाई या दोन्ही त्या यादीत आहेत. बॅकअप विकणाऱ्यांनी ती यादी आपल्या प्रत्येक जाहिरातीशेजारी ठेवून वाचावी.

भीतीची बाजू सगळ्यात भक्कम, कारण भीती खरी आहे. २६ जुलै २००५ला मुंबईत पाणी भरलं, २१ जून २०१२ला मंत्रालयाला आग लागून फायली जळाल्या, जुलै २०२१ मध्ये चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पुराखाली गेली. दुकानातला संगणक चिखलात गेला की उधारीची वहीच गेली. हे सांगू नये असं मी म्हणत नाही. पण घाबरलेला माणूस काय विकत घेतो, तर धीर. आपला कोणता डेटा कुठे जातोय, किती दिवस टिकणार, परत यायला किती वेळ लागणार, यातलं तो काहीच विचारत नाही. आणि नेमकं तिथेच घात होतो. ३१ जानेवारी २०१७ला सॉफ्टवेअरचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब या कंपनीत चुकून डेटाबेस पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या आणि एकही धड चालत नव्हती. हे त्यांनी स्वतःच जाहीर केलं. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं आणि काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात असल्याने मूळ डेटाबरोबर खाक झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. कर्मचाऱ्यांचा ८५८ टेराबाइट डेटा गेला, कारण त्याची दुसरी प्रत बाहेर कुठेच नव्हती. यातल्या कुणाला धोक्याची कल्पना नव्हती असं नाही. कमी पडली ती तपासणी, आणि तपासणी शिकवायचं काम घाबरवणारी जाहिरात कधीच करत नाही.

मग विकावं कसं? परत मिळवून दाखवून.

टॅलीवर हिशोब ठेवणारा तालुक्याच्या गावातला कापडाचा व्यापारी घ्या. त्याच्या विंडोजमध्ये वनड्राइव्ह चालू असतं, हिरव्या खुणा दिसतात, आणि बॅकअप होतोय अशी त्याची समजूत असते. पण वनड्राइव्हचा फोल्डर-बॅकअप प्रामुख्याने डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स उचलतो. टॅलीचा डेटा बहुधा सी किंवा डी ड्राइव्हवर, १००००सारख्या आकड्याचं नाव असलेल्या स्वतंत्र फोल्डरमध्ये असतो. म्हणजे दुकानाच्या पाटीचा फोटो सुरक्षित आणि खातेवही उघड्यावर. शिवाय वनड्राइव्हची ही जुळवणी (सिंक) संगणकावर आणि ऑनलाइन, दोन्हीकडे सारखंच ठेवते : इथे फाइल पुसली की तिथूनही जाते, कचरापेटीत काही दिवस राहते आणि मग संपते. अशा व्यापाऱ्याकडे जाणाऱ्या विक्रेत्याने पुराची चित्रं दाखवू नयेत. त्याच्यासमोर बसून तो फोल्डर शोधावा, त्याचा बॅकअप घ्यावा, नमुन्याची एक 'कंपनी' (म्हणजे टॅलीतला हिशोबाचा एक संच) पुसावी आणि घड्याळ लावून परत आणून दाखवावी. गेल्या मंगळवारी होता तसा हिशोब पडद्यावर आला, की त्याला आणखी काही पटवावं लागत नाही.

त्याच बैठकीत तोट्याच्या गोष्टीही सांगाव्यात. ५०० जीबी डेटा २० एमबीपीएसच्या लाइनवरून परत यायला अखंड चालू राहिलं तरी साधारण ५५ तास लागतात. डेटा उघडायची सांकेतिक चावी फक्त तुमच्याकडे असेल आणि ती हरवली, तर कंपनीलाही डेटा उघडता येणार नाही. जुन्या आवृत्त्या अमुक दिवसच राहतात. पुढच्या वर्षीचा दर अमुक असेल. हे सगळं मराठीत, एका पानावर, सहीच्या आधी.

यावर आक्षेप ठरलेला आहे : एवढा वेळ एकेका गिऱ्हाइकाला दिला तर धंदा कसा होणार? खरंच, लाखो नोंदण्या अशा होणार नाहीत. पण असा माणूस टिकतो आणि शेजारच्या दुकानदाराला स्वतः सांगतो. हे काम गावातला हार्डवेअरवाला आणि कर सल्लागार यांच्यामार्फत होऊ शकतं. हार्ड डिस्क मेली की लोक त्यांच्याच दारात येतात, आणि मार्चअखेर डेटा त्यांच्याच हातांखालून जातो. फक्त त्यांचं कमिशन नोंदणीवर देऊ नका. गिऱ्हाइकाने पहिली फाइल स्वतः परत मिळवली, की त्या दिवशी द्या. एवढा एक नियम बदलला तरी बरेच विक्रेते सुतासारखे सरळ होतील.

घेणाऱ्यांना एकच विनंती. कुणी बॅकअप विकायला आला, की कितीही जागा, कितीही महिने फुकट मिळोत, आधी आपली एक फाइल त्याच्याकडे ठेवा, आपल्या हाताने पुसा आणि त्याला ती तुमच्यासमोर परत आणायला सांगा. टाळाटाळ केली तर पैसे देऊ नका.