पांडू नरोटेला कोण सोडणार?

एटापल्ली तालुक्यातील आदिवासी पांडू नरोटे २०१३ मध्ये 'यूएपीए'खाली पकडला गेला. २०१७ मध्ये गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने त्याला प्रा. साईबाबांसोबत जन्मठेप ठोठावली. ऑगस्ट २०२२ मध्ये तो कैदेतच मेला. ५ मार्च २०२४ रोजी नागपूर खंडपीठाने शिक्षा रद्द करून साईबाबा व सहआरोपींना निर्दोष ठरविले. पांडूची सुटका आता कोणत्या कोर्टाने करायची?

नक्षलवाद्यांची हिंसा आम्हाला मान्य नाही. १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याच्या स्फोटात १५ पोलीस गेले. तीही आपलीच लेकरे. सनदशीर मार्ग खुला असताना रक्तपाताचा मार्ग सोडा, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बजावले. पण तो मार्ग खुला ठेवायचा कोणी? कलम ४३-ड(५)ने आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला की जामिनाचे दार बंद! खटला हीच शिक्षा. त्यात जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयकही मंजूर केले.

निर्दोष सुटणाऱ्यांना भरपाई मिळालीच पाहिजे. आणि आपल्यातील वकिलांनो, बाबासाहेबांमुळे अंगावर आलेला काळा कोट घालून गडचिरोलीच्या कोर्टात उभे राहा. जंगलातला पांडू नागपूरपर्यंत येऊ शकत नाही.