पगारातले दोनशे रुपये

गेल्या शनिवारी दादाच्या बाईकवर बारामतीहून इंदापूरला घरी निघाले होते. भवानीनगरला चहाला थांबलो आणि त्याच्या मोबाइलवर सॅलरी स्लिप येऊन पडली. दादा एमआयडीसीतल्या एका कंपनीत आहे. स्लिप बघून त्याचं नेहमीचं सुरू झालं, ‘‘हे पीटी बघ. दर महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे! पूर्वी इन्कम टॅक्समध्ये वजा तरी व्हायचं. आता तेही गेलं.’’

मी पडले फ्रीलान्सर. सॅलरी स्लिप हे सुख माझ्या नशिबी नाही. पण दादाचं गाऱ्हाणं आपल्यापैकी अनेकांचं आहे, म्हणून नीट बघू या.

पीटी म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, आपला व्यवसाय कर. तो राज्य सरकारचा. महाराष्ट्रात महिना दहा हजारांच्या वर पगार असला की वर्षाचे २,५०० रुपये जातात. (बायकांना २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत माफी आहे. हे ऐकून दादाचा चेहरा बघण्यासारखा!) यापेक्षा जास्त राज्याला घेताच येत नाही, कारण ही मर्यादा राज्यघटनेत आहे. १९८८ च्या घटनादुरुस्तीआधी ती फक्त २५० होती.

जुन्या करपद्धतीत हे २,५०० उत्पन्नातून वजा होतात. २०२० च्या बजेटमध्ये आलेल्या नव्या पद्धतीत नाहीत. आणि २०२३-२४ पासून तुम्ही काही कळवलं नाहीत, तर नवीच लागू होते. नुकसान किती? ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससकट वर्षाला ७८० रुपये. एका पिझ्झ्याचे, बॉस! शिवाय नव्या पद्धतीत स्टँडर्ड डिडक्शन ७५,००० आहे, जुन्यात ५०,०००. तेव्हा पीटीसाठी पद्धत बदलू नका. होम लोन, पीएफ, विमा, घरभाडं यांचा हिशोब मांडा आणि मगच एचआरला कळवा.

दादाला विचारलं, ‘‘तुझा पगार वर्षाला पावणेतेरा लाखांच्या आत ना? मग २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत तुला टॅक्सच शून्य. वजा कशातून करणार?’’ दादा चहा पीत राहिला.

घरपट्टीचं मात्र लक्षात ठेवा. घर भाड्यानं दिलं असेल, तर नगरपरिषदेला किंवा महापालिकेला भरलेली घरपट्टी भाड्याच्या उत्पन्नातून वजा होते. दोन्ही पद्धतींत, कमाल मर्यादेशिवाय. अट एवढीच, की ती मालकानं त्याच आर्थिक वर्षात भरलेली हवी. म्हणजे ३१ मार्चच्या आत. भाडेकरूनं भरली तर फायदा नाही. स्वतः राहत्या घराच्या घरपट्टीची वजावट नाही.

हाच वाद अमेरिकेत केवढा मोठा आहे! न्यू जर्सीतली माझी मैत्रीण घराच्या टॅक्सचा आकडा सांगते, तेव्हा माझे डोळे पांढरे होतात. तिथे राज्याचे आणि स्थानिक कर फेडरल टॅक्समध्ये वजा करायला २०१८ पासून १०,००० डॉलरची मर्यादा होती. २०२५ च्या कायद्यानं ती ४०,००० केली, तीही २०३० मध्ये पुन्हा १०,००० वर येणार आहे. फायदा कुणाला? मोठं घर आणि मोठा पगार असलेल्यांना. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला वजा करण्याएवढा करच नसतो.

घरी पोचलो. दादानं आजीसमोर तेच रडगाणं लावलं. मी म्हटलं, ‘‘आजी, हा कर १९७५ मध्ये रोजगार हमीसाठी लावला होता. नोकरदारांकडून घ्यायचा, सरकारनं तेवढीच भर घालायची आणि दुष्काळी भागातल्या लोकांना काम द्यायचं.’’

आजी भाकरी थापता थापता थांबली. बहात्तरच्या दुष्काळात ती एकोणीस वर्षांची होती. पुढं कित्येक उन्हाळे तिनं रोजगार हमीवर काढले. पाझर तलावावर माती वाहिली, रस्त्यासाठी खडी फोडली. बाबांना झाडाखाली झोळीत ठेवून.

‘‘म्हंजी तवा आमचा पगार असल्याच पैशातनं यायचा व्हय?’’ तिनं दादाकडं बघितलं. ‘‘आन् तू दोनशासाठी रडतुयास?’’

दादानं मोबाइल खिशात टाकला आणि भाकरी घ्यायला ताट पुढं केलं.